पांढरी साडी, निळे काठ

मराठीत एक अडचण आहे. "मी आलो" म्हणलं की बाप्या ठरतो, "मी आले" म्हणलं की बाई. इंग्रजीत माणूस स्वतःबद्दल तासभर बोलला तरी हे सांगावं लागत नाही. आपल्याला सकाळी उठून पहिल्या वाक्यालाच सांगावं लागतं. कोल्हापूरकडच्या बाया बिनदिक्कत "मी आलो" म्हणतात, त्यांना कुणी काही विचारत नाही. आमच्या केडगावात एखादी बाई तसं म्हणाली तर लोक हसून सोडून देतील. पण बाप्या "मी आले" म्हणाला तर? त्याचं काय होतं, तेच सांगायला बसले आहे.

बसले. एकदा लिहून टाकलं. आता शेवटपर्यंत असंच लिहीन. छापणाऱ्यांनी दुरुस्त करू नये.

केडगाव म्हणजे नगर-पुणे रस्त्यावरचं, महापालिकेत गेलेलं पण मनानं अजून गावच राहिलेलं गाव. लोकांना ते रेणुकामातेच्या देवळासाठी माहीत. नवरात्रात पाय ठेवायला जागा नसते. दुसरीकडं बाह्यवळण रस्त्याला नेप्तीचा कांदा बाजार. मी तिथं एका गाळ्यावर हिशेब लिहिते. तिथं शर्ट-पँटच घालते, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, ही फार शूर. पोट आहे. आई आहे. शूर होऊन चालत नाही सगळीकडं.

वस्तीतले आम्ही पाच जण. चौथीपासूनचे. एक टेम्पो चालवतो, एक डीजे लावतो, एक भरतीची तयारी करता करता वय घालवून बसला, एक मांगवाड्यातला, वाजंत्री आहे, आणि मी. वेशीजवळच्या टपरीवर रोज संध्याकाळी आमचा चहा. पाचात तीन, कधी पाचात दोन. उधारी सगळी एका नावावर. त्या टपरीवर मी वीस वर्षं बाप्या म्हणून चहा प्याले. बाबुराव बागूलांच्या १९६३ च्या कथासंग्रहाचं नाव आहे 'जेव्हा मी जात चोरली होती'. कॉलेजात ते नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. जात तर मी कधी चोरली नाही, आडनावच सांगून टाकतं. पण मी बाई चोरली होती. चोरून शर्टाच्या आत ठेवली होती. भाड्याची खोली मिळवायला जात चोरणारा माणूस घरी आल्यावर तरी आपल्या जातीत येतो. मला घरी आल्यावरसुद्धा चोरीच करावी लागे.

माझा आजा पोतराज होता. आईचा बाप. मी त्याला त्या रूपात पाहिला नाही, आईनंही नाही. पण आजी सांगायची. कमरेला चोळीच्या खणांचा घागरा, पायात घुंगरं, कपाळभर मळवट, पाठीवर कमरेपर्यंत केस. हातात कोरडा. आजी डोक्यावर मरीआईची पेटी घेऊन पुढं, आजा मागं. दारोदार फिरायचं, स्वतःच्याच अंगावर कोरडे ओढायचे, आणि पायलीभर जुंधळे मिळवायचे. घागरा घातलेला बाप्या दारात आला की पाटलाची बाई सूप घेऊन बाहेर यायची. कुणी त्याला बायल्या म्हणलं नाही. सावली पडू नये म्हणून लांब उभं केलं, पण घागऱ्याला कुणी हसलं नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली. आजा नागपूरला गेला नव्हता. पुढं आमच्या भागात धम्मदीक्षेचे कार्यक्रम सुरू झाले तेव्हा त्यानं दीक्षा घेतली. त्या दिवशी त्यानं केस कापले. पेटी सीना नदीत सोडली. आजी म्हणायची, "केस कापल्यावर तुझा आजा ल्हान पोरावानी दिसत होता. मान उघडी पडली व्हती. सारखा मानंवर हात फिरवायचा."

ही गोष्ट आमच्या घरात अभिमानाची आहे. आणि माझे केस आता खांद्याच्या खाली आलेत. आता तुम्हाला कळेल, भांडण कुठं आहे.

लहान असताना एका नवरात्रात देवीच्या देवळाबाहेर मी एक जोगता पाहिला. हिरवी साडी, हातभर चुडा, गळ्यात कवड्यांची माळ, कपाळाला भंडारा. आवाज बाप्याचा. बाया रांगेनं त्याच्या पाया पडत होत्या. मी आईचा हात सोडून त्याच्याकडं बघत उभी राहिले. मला वाटलं, हे असं असता येतं? आईनं ओढून नेलं. संध्याकाळी तोच जोगता एसटीची वाट बघत रस्त्याला उभा होता, तर पोरं लांबून खडे मारत होती. सकाळी पाया पडलेल्या बायांचीच पोरं. देऊळ ते रस्ता, अंतर दोनशे पावलं.

पुढं हे गणित माझ्या लक्षात आलं. आपल्या समाजात बाप्यानं साडी नेसायला तीन जागा आहेत. एक, देवाच्या नावानं. दोन, सोंग म्हणून, तमाशात नाच्या होऊन, शाळेच्या गॅदरिंगमध्ये. तीन, सिग्नलला टाळी वाजवून भीक मागायला. या तिन्ही जागी तुम्ही साडी नेसा, कुणाची ना नाही. पण आपल्या दोस्तांच्या बरोबर टपरीवर चहा प्यायला साडी नेसून जायचं, म्हणजे देव नाही, सोंग नाही, भीक नाही, आपलं आपण म्हणून जायचं, तर त्याला जागा नाही.

२०२३ च्या मार्चमध्ये मी चौघांना टपरीवर सांगितलं. "या चौदा एप्रिलला मी साडीत येणार. पांढरी साडी. विहारात आणि मिरवणुकीत पण."

पहिल्यांदा हसले. मग माझ्या तोंडाकडं बघून गप्प झाले. डीजेवाला म्हणाला, "आरं, बाकीच्या दिवशी काय बी कर, पन जयंतीला नको. मंडळाचं नाव जाईल." भरतीवाला म्हणाला, "लेका, बाबासायबांनी जोगतिनी-मुरळ्या सोडवल्या, तुझ्या आज्यानं केस कापले, आन् तू परत तिकडंच निघाला? मागं?"

हे खरं बोचलं. कारण प्रश्न खोटा नव्हता.

त्या रात्री झोप लागली नाही. मी स्वतःशीच वाद घातला, तो इथं मांडते, कारण तो एकट्या माझा नाही.

१६ जून १९३६ ला मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेब देवदासी, जोगतिणी, मुरळ्या यांच्यापुढं बोलले. हे जिणं सोडा म्हणाले. काय सोडायला सांगितलं? साडी? नाही. देवाच्या नावावर आपल्याच पोरींची अंगं सोडून द्यायची आणि तीच आपल्या जातीची वहिवाट समजायची, ते सोडायला सांगितलं. आज्यानं केस कापले ते केस वाईट म्हणून नव्हे. ते केस त्याचे नव्हतेच. ते मरीआईचे होते, गावाचे होते, पाटलाच्या सुपातल्या जुंधळ्याचे होते. ते कापून त्यानं आपलं डोकं आपल्या ताब्यात घेतलं. माझे केस मला कुणी वाहायला लावलेले नाहीत. मी माझं डोकं माझ्या ताब्यात घेऊनच ते वाढवलेत. आज्यानं कापून जे केलं तेच मी वाढवून करते आहे.

आणि कपड्याचं म्हणाल, तर आपली चळवळ कपड्याला कधी क्षुल्लक म्हणालीच नाही. डिसेंबर १९२७ ला महाडला सत्याग्रह परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी आपल्या बायांना सांगितलं, की गुडघ्यावर लुगडं नेसणं आणि हातापायांत ते जड दागिने घालणं, ही तुमच्या अस्पृश्यतेची खूण आहे, ती टाका. बायांनी नेसण बदलली. घोट्यापर्यंत लुगडं सोडून चालू लागल्या. विचार करा, त्या बाया त्या नेसणीत गावी परतल्या तेव्हा वेशीवर कुणी काय म्हणलं असेल. "आता ह्या बामणीणी झाल्या!" हेच ना? त्यांनाही पहिल्या दिवशी पाय अडखळले असतील. नवं रूप घेऊन आपल्याच माणसांत उभं राहायचं, ही गोष्ट आपल्या आज्या-पणज्यांनी माझ्या आधी शंभर वर्षं केली आहे.

आणखी एक. १९३४ साली र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांनी लैंगिक प्रश्न विचारले, त्यात समलिंगी संबंधांबद्दलचेही होते, आणि कर्व्यांनी उत्तरं दिली, हा गुन्हा. कर्व्यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर. खटला हरले. पण त्या काळात, ज्या विषयावर शहाणीसुरती माणसं तोंड फिरवत होती, त्या विषयावर काळा कोट घालून उभा राहिलेला माणूस आमचा बाप आहे. तर मग मी त्याच्या जयंतीला का जाऊ नये?

दुसऱ्या दिवशी हे सगळं टपरीवर सांगितलं. भरतीवाला गप्प बसला. पटलं म्हणून की वैतागला म्हणून, माहीत नाही. वाजंत्रीवाला मात्र बशीतला चहा ओढत म्हणाला, "आमचा चुलता अजून पोतराज हाये. बारा म्हयने घागऱ्यात असतो. त्याला कोन हसतं? हसला तर कोरडा बसतो." सगळे हसले. मीही हसले. मग तो म्हणाला, "तुझ्याकडं कोरडा नाय, एवढीच अडचन हाये बघ."

आईला सांगणं अवघड होतं. आई बिगारी काम करून वाकलेली. ६ डिसेंबरला दादरला जायला म्हणून तिनं एकदा कापड बाजारातून पांढरी साडी घेतली होती, निळ्या काठांची. ती तिची वर्षातनं दोनदा नेसायची साडी. मी म्हणाले, मी दुसरी विकत घेते. ती काहीच बोलली नाही. दोन दिवस बोलली नाही. तेरा तारखेच्या रात्री तिनं पेटी उघडली, साडी काढली, माझ्या अंगावर टाकली. म्हणाली, "नेसायची तर नीट नेस. गुडघ्यावर चढली तर लोकं हसतील."

तिला महाडचं काही माहीत नाही. पण बोलली नेमकं तेच.

सकाळी तिनंच निऱ्या घातल्या. माझ्या तोंडाकडं बघितलं नाही. गुडघे टेकून निऱ्यांकडं बघत होती. निऱ्या खोचताना तिचा हात थरथरत होता. माझंही पोट थरथरत होतं. एवढंच. जवळ घेतलं नाही, रडली नाही. सिनेमात असतं तसं काही झालं नाही. ती स्वतः जुन्या फुलाफुलांच्या साडीत विहारात आली. पांढरी मला दिली होती ना.

विहारात दोन सतरंज्या. डाव्या हाताला बाया, उजव्या हाताला बापे. मधून भंतेजींना जायला वाट. मी दारात चपला काढल्या आणि उभी राहिले. इतकी वर्षं उजवीकडं बसत आले होते. पाय आपोआप उजवीकडं निघाले. तिकडं माझे दोस्त बसले होते. टेम्पोवाल्यानं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. पुऱ्या विहारात शंभर-सव्वाशे माणूस, आणि सगळी बाबासाहेबांच्या फोटोकडं बघायची सोडून माझ्याकडं बघत होती. मी त्या मधल्या वाटेत उभी. आयुष्यभर तिथंच उभी आहे असं वाटलं.

तेवढ्यात बायांच्या सतरंजीवरून एक म्हातारी ओरडली. आमच्या गल्लीतलीच, कान गेलेली, म्हणून जोरात बोलते. "आगं, हुबी काय ऱ्हायलीस? वाट सोड, भंतेजी येत्याती. बस हितं." आणि शेजारणीला ढोसून म्हणाली, "सरक गं, तिला जागा दे."

तिनं मला ओळखलं होतं का, की डोळ्यांनी अधू म्हणून साडी बघून बोलली? मी आजपर्यंत विचारलं नाही. विचारणारही नाही. शेजारीण सरकली. मी बसले. बुद्धं सरणं गच्छामि म्हणताना माझा बाप्याचा आवाज बायांच्या आवाजात मिसळेना. मी हळू म्हणत होते. मग म्हणलं, असू दे. मोठ्यानं म्हणाले.

संध्याकाळी मिरवणूक. आमचा ट्रॅक्टर केडगावातून निघून पुणे रस्त्यानं शहरात, मार्केट यार्डजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्यापर्यंत. डीजेवाल्यानं दिवसभर माझ्याशी शब्द काढला नव्हता. वाजंत्रीवाला माझ्या शेजारून चालत होता. साडीत नाचायला जमत नाही हे मला त्या दिवशी कळलं. पदर खोचून नाचले.

शहरात शिरल्यावर दुसऱ्या एका मंडळाची पोरं समोरून आली. त्यातल्या एकानं आरोळी दिली, "आरे बघा, छक्का आणलाय नाचवायला!" हसणं झालं. आपलीच पोरं. निळाच गंध, निळाच झेंडा. हे सवर्णांच्या पोरांनी म्हणलं असतं तर मला एवढं लागलं नसतं, त्याची सवय आहे, त्याला उत्तर आहे. याला उत्तर नव्हतं.

डीजेवाल्यानं गाणं बंद केलं. ट्रॅक्टरवरून खाली उतरला. मला वाटलं, आता मला म्हणणार, जा घरी. तो त्या पोराच्या पुढं जाऊन उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "आमची हाये ती. जयभीम घाल आन् पुढं चाल." पोरगं बावरलं. जयभीम म्हणून गेलं.

"आमची हाये ती." महिन्याभरापूर्वी मंडळाचं नाव जाईल म्हणणारा हा. मला 'ती' म्हणलं त्यानं, पहिल्यांदा, सगळ्यांच्या देखत. त्या रात्री मला फार बरं वाटलं. नंतर कधी कधी असंही वाटतं, की मी कुणाची तरी आहे म्हणून मला शिवी द्यायची नाही, आणि ज्या कुणाच्या मागं मंडळ नाही, ट्रॅक्टर नाही, तिनं काय करायचं? पण हे मी त्याला बोलून दाखवलं नाही. जेवढं दिलं तेवढं त्यानं मनापासून दिलं.

टेम्पोवाल्याचं सांगायचं राहिलं. तो सगळ्यात जवळचा. शाळेत एका डब्यात जेवलो. तो त्या रात्री ट्रॅक्टरच्या पलीकडच्या बाजूनं चालत राहिला, शेवटपर्यंत. त्या दिवसापासून तो टपरीवर येत नाही. भांडण नाही, शिवी नाही. रस्त्यात भेटला तर हॉर्न वाजवतो. दर चौदा एप्रिलला फोनवर जयभीमचा फोटो पाठवतो. मला त्याचा राग येत नाही. एवढंच वाटतं, की त्याचा जो दोस्त होता तो मेला नाही, तो इथंच टपरीवर बसलाय, हे त्याला कुणीतरी सांगावं.

आमच्या शहराचं नाव तेव्हा कागदावर अहमदनगर होतं. २०२४ ला अहिल्यानगर झालं. सरकारी पाट्या बदलल्या. आम्ही सगळे तोंडानं अजून नगरच म्हणतो. सवय. एवढ्या मोठ्या शहराचं नाव बदलतं, तेव्हा शहराला कुणी दवाखान्यात नेऊन तपासत नाही. मी जुन्या नावाला ओ देते, कारण दोस्तांची जीभ वळायला वेळ लागतो, हे मला कळतं. पण शहराला जेवढी सवलत दिली तेवढी माणसालाही द्यावी.

१५ एप्रिल २०१४ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की आपण बाई, बाप्या की तृतीयपंथी हे ज्याचं त्यानं ठरवायचं. जयंतीच्या दुसऱ्या दिवशीचा निकाल. २०१९ ला कायदा आला, पण कोर्टानं सांगितलेल्या आरक्षणाबद्दल त्यात अक्षर नव्हतं. २०११ च्या जनगणनेत बाई-बाप्या सोडून 'इतर' रकान्यात देशभरात ४,८७,८०३ माणसं मोजली गेली. त्यात अनुसूचित जातींची ७८,८११. म्हणजे मी एकटी नाही. आमच्याच जिल्ह्यात श्रीरामपूरला दिशा पिंकी शेख आहेत, 'कुरूप' नावाचा कवितासंग्रह लिहिणाऱ्या. वंचित बहुजन आघाडीनं त्यांना प्रवक्ता केलं. शेजारच्या बीडमध्ये पोलीस शिपाई ललिता साळवेनं २०१७ ला ललित व्हायला रजा मागितली, नाकारली गेली, हायकोर्टापर्यंत जावं लागलं, आणि २०१८ ला मुंबईत शस्त्रक्रिया होऊन ललित साळवे पुन्हा नोकरीवर उभा राहिला. जळगाव जिल्ह्यात भादलीला अंजली पाटलांचा बायांच्या राखीव जागेवरचा अर्ज आधी नाकारला, औरंगाबाद खंडपीठानं मान्य केला, आणि जानेवारी २०२१ ला त्या ग्रामपंचायतीवर निवडून आल्या. गावानं मतं दिली. म्हणजे गाव देऊ शकतं.

पण कोर्ट आणि निवडणूक लांबच्या गोष्टी. मला रोज संध्याकाळी सहाला टपरीवर जायचं असतं. आता रविवारी मी साडीत जाते, एरवी शर्टात. टपरीवाला दोन्ही वेळा तोच चहा देतो. परवा मी सवयीनं म्हणून गेले, "आलो रे!" तर डीजेवाला म्हणाला, "आले म्हन. आम्ही एवढं पाठ केलंय, आन् तूच इसरती."

आज्याची मान केस कापल्यावर उघडी पडली होती. तो सारखा हात फिरवायचा. मी रविवारी साडी नेसून निघते तेव्हा माझीही पाठ उघडी पडल्यासारखी वाटते. लोक बघत असतात. पुढं सवय होईल. आज्याला झाली होती.

वाचणाऱ्या दोस्तांनो, तुमच्याही वस्तीत कुणीतरी असं शर्टाच्या आत काहीतरी चोरून बसलेलं असेल. तुमच्याच पंक्तीत चहा पीत असेल. ते ज्या दिवशी विहाराच्या दारात येऊन मधल्या वाटेत उभं राहील, त्या दिवशी भाषण देऊ नका. सतरंजीवर थोडं सरका.

जयभीम.